मागच्या दाराचा शिंदीखाना

शिंदीखान्याचे मालक गेले, हे मला वाटूरला फोनवर कळलं. माझ्या जुन्या आरोग्य उपकेंद्रातल्या आशाताईंचा फोन होता. कसे गेले, कधी गेले, हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आन् बाई, पुढच्या दारानं नेलं बरं का त्यान्ला." एवढं ऐकलं आणि मी ओट्यावर बसून मोठ्यानं रडले. तोपर्यंत रडू आलं नव्हतं. घरातल्यांना काही कळेना. माणूस मेल्यावर त्याला पुढच्या दारानंच नेतात, त्यात रडण्यासारखं काय आहे?

त्या घराला पुष्कळ वर्षं पुढचं दारच नव्हतं.

शहागडहून जीपनं गंगेच्या काठाकाठानं गेलं की ते गाव लागतं. गंगा म्हणजे गोदावरी, आमच्याकडे तिला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात. गावात माझी नर्स म्हणून पहिली नेमणूक झाली तेव्हा उपकेंद्राची खोली गळत होती, नवरा वाटूरला राहायचा, आणि एकट्या बाईला जागा द्यायला कोणी तयार नव्हतं. कोणाच्या घरात लग्नाचा मुलगा होता, कोणाच्या घरात सोवळं होतं, कोणाकडे नुसताच संशय होता. शेवटी एक जण हसत म्हणाला, "शिंदीखान्यात जागा हाय बघा." चेष्टेनं म्हणाला होता. मी खरंच गेले.

शिंदीखाना म्हणजे शिंदी, शिंदीच्या झाडाची ताडीसारखी दारू, विकायची जागा. निजामाच्या काळातली काळ्या दगडाची लांबच्या लांब खोली, नदीच्या दरडीवर बांधलेली. तेव्हा पूल नव्हता. बैलगाड्या उतारावरून नदी ओलांडायच्या, पाणी असलं तर नावेची वाट बघायची, आणि वाट बघणाऱ्या माणसाला तहान लागतेच. गाडीवान, नावाडी, बाजारकरी, जहागीरदाराचे शिपाई असे सगळे तिथं बसून गेलेले. पुढं शिंदी बंद झाली, देशी दारूचं दुकान झालं. मग गावातल्या बायांनी मतदान घेऊन आडवी बाटली निवडून आणली आणि तेही बंद झालं. मी गेले तेव्हा तिथं विकायला काहीही नव्हतं. तरी मालक रोज सकाळी दुकान उघडत, उदबत्ती लावत, गल्ल्यावर जाऊन बसत.

पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन गेले तर समोर दार दिसेना. चौकट होती, नक्षीचा उंबरा होता आणि मधे सगळं विटांनी बुजवलेलं. मी भिंतीपुढं उभी, आणि आतून आवाज आला, "म्हागून या. आमच्याकडं दार एकच हाय."

मागचं दार नदीकडे. इतकं बुटकं की मीसुद्धा वाकले, आणि मी काही उंच नाही. आत गल्ल्याच्या उजव्या हाताला एक दगडी बैठक दिसली. दमले होते, बॅग ठेवली आणि टेकले. तसे मालक ताडकन उठले.

"तिथं न्हाई बसायचं."

"का?"

"तिथं मानूस येनार हाय."

"केव्हा?"

"येईल."

मी उठून दुसरीकडे बसले. मला वाटलं, कोणीतरी पाहुणा येत असेल, दुपारपर्यंत येईल. पुढं कितीतरी वर्षं त्या दगडावर मी कोणाला बसलेलं पाहिलं नाही. गावात सगळे समजून होते. म्हाताऱ्याचा एक चक्रमपणा म्हणून सोडून दिलेलं. तसे चक्रमपणे त्यांचे पुष्कळ होते.

एक म्हणजे झाडणं. दिवसातून कितीदा झाडत, त्याला गणती नव्हती. चुन्याची जमीन घासून घासून आरशासारखी झालेली. पण पाणी म्हणून पडू द्यायचे नाहीत. कोणाच्या हातून पेल्यातलं जरा सांडलं की अंगावर धावून जायचे. "पानी पाडू नका! हितं पानी पाडायचं न्हाई!" मी फरशी पुसते म्हटलं तर माझ्या हातातून बादली काढून घेतली. मी म्हटलं, मालक, जंतू होतात. ते म्हणाले, "होऊ द्या. जंतू परवडले." चुना फुगत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नर्स माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

दुसरा म्हणजे डावा कान. त्या कानानं त्यांना काही ऐकू येत नसे. मी तपासायचं म्हटलं तर म्हणाले, "त्यो बराबर हाय. त्याचं काम झालंय." उजव्या बाजूनं बोललं तर कुजबुजही ऐकायचे, डावीकडून बोंब मारली तरी नाही. गावातले इरसाल लोक मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला बसून त्यांच्याबद्दल बोलायचे.

आणि तिसरं त्यांचं "बसायला या". वाटेनं जाणाऱ्या कोणालाही हाक मारून म्हणणार, "बसायला या." आता आपल्याकडे बसणं या शब्दाचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. दोन पुरुष आज बसू म्हणाले की त्यांच्या बायका ओळखतात. मालकांना ते मंजूर नव्हतं. "प्याया कुठंबी मिळती," म्हणायचे. "पिऊन मानूस घरी जातो. बसाया जागा लागती." दारू बंद झाल्यावर निम्मं गाव यायचं थांबलं, निम्मं येतच राहिलं. माठातलं पाणी, तेच जुने जाड काचेचे पेले, वाटीत फुटाणे. दुपारभर माणसं बसायची. शेतातलं बोलायची, सोयरिकीचं बोलायची, काही वेळा नुसतीच नदीकडे बघत राहायची.

माझी आई मला भेटायला आली तेव्हा जीपमधून उतरल्यापासून तोंड पाडून होती. "शिंदीखान्यात ऱ्हायलीस गं बये? आता सोयऱ्यान्ला काय सांगू?" मी म्हटलं, सांग की मुलगी बसायला लागली. आई चिडून बोलेना. संध्याकाळी मी माडीवरच्या माझ्या खोलीतून खाली आले तर ती मालकांच्या समोर पेला घेऊन बसलेली आणि माझ्या लग्नाच्या वेळी मानपानात कोणी काय केलं ते तपशीलवार सांगत होती. मालक उजवा कान पुढं करून ऐकत होते. जाताना आई मला म्हणाली, "मानूस सोन्यावानी हाय. पर ते दार तेवढं मोठं कराया सांग, कंबर मोडली माझी."

दाराबद्दल सगळेच बोलायचे. एकदा दारूबंदीचे एक साहेब आले. कोणीतरी कळवलं होतं की बंद दुकानात रोज माणसं बसतात. साहेब रुबाबात समोरून आले आणि विटांपुढं उभे राहिले. मग वळसा घालून मागं आले, वाकायला विसरले आणि चौकटीनं त्यांच्या कपाळाला प्रसाद दिला. मीच पट्टी लावली, म्हणून मला सगळं पाहायला मिळालं.

"काय विकता इथं?"

"काईच न्हाई."

"मग हे लोक काय करतायत?"

"बसून राह्यले."

"बसून राह्यले म्हणजे?"

"म्हंजी बसून राह्यले, साहेब. तुमीबी बसा. उन्हाचं आलाव."

साहेबांनी एकेकाचा पेला उचलून हुंगला. मग एक घोट घेतला. माठाचं थंड पाणी. पेला रिकामा केला, दुसरा मागितला. निघताना स्वतःहून वाकले. मालक म्हणाले, "बघा, एका दिवसात शिकले."

पण दाराची गोष्ट नुसती गमतीची नव्हती, हे मला हळूहळू समजलं. ते बुटकं दार पूर्वी गिऱ्हाइकांचं नव्हतंच. गावानं ज्यांना आपल्यात धरलं नाही, त्यांचं ते. मालकांच्या वडलांच्या काळात त्या लोकांनी नदीच्या अंगानं यायचं, दाराबाहेर उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची. वरून शिंदी सोडायची. भांडं द्यायचं नाही, आत घ्यायचं नाही. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे. वडील गेले, त्यांचं तेरावं उरकलं, आणि मालकांनी विटा आणून पुढचं दार स्वतःच्या हातानं बुजवलं. आता सगळ्या गावाला त्याच दारानं यावं लागायचं, वाकून. पाटील असो, गुरुजी असो.

एका सरपंचाची गोष्ट गावात अजून सांगतात. देशी दारूचे दिवस होते. सरपंचाच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांना वाकणं मंजूर नव्हतं. ते बाहेरच उभे राहून म्हणाले, "आमचं हिकडंच आनून द्या." मालक बाटली घेऊन दारात गेले आणि म्हणाले, "आत न्हाई येयाचं तर रीत हाय इथली. उकिडवं बसा. वंजळ धरा." सरपंच तिथून जे गेले ते गेलेच. मालकांना त्याचे पुढं पुष्कळ त्रास झाले, तेही त्यांनी भोगले.

हे ऐकलं तेव्हा मला मालकांचा फार अभिमान वाटला. मी ज्याच्या घरात राहते तो माणूस असा आहे, हे मी माहेरी, सासरी, जालन्याला मीटिंगला गेले की तिथंही सांगत सुटले. किसनबाबांच्या घरी जाईपर्यंत मला त्यात काही उणं दिसलं नव्हतं.

किसनबाबा बौद्ध वस्तीतले, मालकांच्याच वयाचे. मुलगा जालन्याला शिक्षक, बाबा सुनेबरोबर गावात. त्यांच्या पायाला जखम झालेली आणि साखरेमुळे ती भरत नव्हती, म्हणून मी एक दिवसाआड पट्टी करायला जायची. बोलके, मिस्कील. सुनेला म्हणायचे, "च्या ठेव, सिस्टर आल्या. माझ्या पायानं तेवढं एक भलं केलं, घरात पाव्हनी आनली." माझ्याशी जगातलं सगळं बोलायचे. पण मी मालकांच्या घरी राहते हे माहीत असून मालकांचं नाव कधी काढत नसत. इकडे मालक मात्र मी पट्टी करून आले की विचारायचे, "जखम कशी हाय?" कोणाची, ते बोलायचे नाहीत. त्यांच्या तोंडी गावातल्या इतर कोणाच्या दुखण्याची चौकशी मी ऐकली नव्हती. मग एक दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो दगड, आणि येणारा माणूस.

मला गप्प बसवत नाही, हा माझा स्वभाव. पट्टी गुंडाळता गुंडाळता मी म्हटलं, "बाबा, मालकांनी तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय. कोणाला बसू देत नाहीत तिथं."

किसनबाबांनी धोतराची कड सारखी केली. मग म्हणाले, "म्हाईत हाय."

"मग जात का नाही?"

त्यांनी पाय खाली घेतला आणि सांगायला लागले. ते दोघं पोरं होते तेव्हा सारखे नदीत असायचे. डोहात उड्या मारायच्या, काठावर वाळत पडायचं. मालकांना ते लेका म्हणायचे आणि मालक त्यांना किसन्या. एके दिवशी मालक म्हणाले, आमच्या दुकानात जमिनीत पुरलेला मोठा रांजण आहे, त्यात तोंड घालून ओरडलं की आपला आवाज परत येतो. चल, दाखवतो.

"म्हागच्या दारापाशी त्याचा बाप बाजंवर झोपलेला. मंग त्यानं माझा हात धरला आन् पुढच्या दारानं आत नेलं. मी म्हनलं, लेका, नगं. त्यो म्हनला, कोनी न्हाई बघत, चल जल्दी. आमी रांजणात वरडलो. पयला त्यो वरडला, मंग मी. माझा आवाज आला की परत! लई हासलो, बाई. तेवढ्यात बाप उठला."

बापानं किसनला हात लावला नाही. हात लावायचा नव्हताच. त्याला दाराबाहेर उभं केलं. मग नदीच्या पाण्यानं भरलेली घागर आपल्या मुलाच्या हातात दिली आणि सांगितलं, हा जिथं जिथं उभा राहिला तिथून उंबऱ्यापर्यंत सगळं धू. मुलगा हलेना. तेव्हा बापानं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो भिंतीवर जाऊन आदळला.

"मंग त्यानं धुतलं," किसनबाबा म्हणाले. "रांजणापासून उंबऱ्यापतुर. मी बाहीर उभा. त्यो धूत येऊन राह्यला माझ्याकडं, आन् मी बघून राह्यलो. माझं पाऊल दिसायचं जमिनीवर, वलं व्हतं ना, नदीतून आल्तो. त्यानं एकेक पाऊल धुतलं. वर बघितलं न्हाई माझ्याकडं."

मी उरलेली पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली.

"तवापासून मी त्यान्ला मालक म्हनतो," ते म्हणाले. "पुढं आमी दीक्षा घेतली. आमच्या वस्तीनं दारू सोडली, पार सोडली. मंग कवातरी ऐकलं, मालकानं पुढचं दार बुजवलं, समद्या गावाला म्हागून आनून राह्यले. लोक मला सांगत आले, बघ किसन, केवढं काम केलं. केलं असंल. चांगलंच हाय. पर बाई, समद्या गावाला त्यानं माझ्या दारानं आनलं. मला माझ्या दाराची हौस नव्हती. मला त्याच्या दारानं जायाचं व्हतं. त्येच त्यानं बुजवलं."

मी घरी आले आणि शब्द न् शब्द मालकांना सांगितला. त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून सांगितला, ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा ठेवली नाही. ते आधी चिडले. "तुमाला कोनी सांगितलं त्याच्यासंगं बोलाया?" मग चिडणं संपलं आणि त्यांचा चेहरा इतका म्हातारा दिसायला लागला की मी न विचारता त्यांचा रक्तदाब घेतला. तो वाढलेला होता. त्या दिवशी कोणाला "बसायला या" म्हणाले नाहीत. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या आधारावर आपण ताठ उभे राहिलो, तीच चुकीच्या जागी होती, हे त्या वयात ऐकायला लागणं फार वाईट. मला त्यांची फार दया आली.

पुढं काही दिवस ते नुसते विटांच्या भिंतीसमोर बसून असत. मग एका सकाळी धाड धाड आवाज झाला म्हणून मी खाली पळाले, तर मालक पहार घेऊन भिंत फोडत होते. ऐंशीच्या पुढचं वय. मी ओरडले, गावातली पोरं मदतीला धावली. कोणाला हात लावू देईनात. "मी बांधली, मीच पाडनार." दमायचे, बसायचे, गोळी घ्यायचे, परत उठायचे. गावात बातमी झाली की म्हातारा जागा विकतोय, इथं हॉटेल होणार. त्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही. भिंत पूर्ण पडली तेव्हा त्या लांब खोलीत पुढून उजेड आला. मागून नदीचा वारा येतच होता. इतकी वर्षं मी त्या खोलीत वावरले होते, पण ती एवढी सुंदर आहे हे मला तेव्हा दिसलं.

त्याच संध्याकाळी ते वस्तीत गेले. मी तिथंच किसनबाबांची पट्टी करत होते. अंगणात येऊन उभे राहिले, टोपी काढून हातात धरली. सुनेनं पाणी दिलं, ते उभ्यानंच प्यायले.

"बसायला चल," ते म्हणाले.

"आमी पीत न्हाई, मालक," किसनबाबा म्हणाले.

"माझ्याकडंबी न्हाई आता. पानी हाय निस्तं."

"पानी तर घरीबी हाय."

मालकांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले. किसनबाबा माझ्याकडे बघेनात.

त्यानंतर जे झालं त्यानं गाव वैतागलं. पुढचं दार सताड उघडं, आणि मालक त्यातून कोणाला येऊ देईनात. काठी घेऊन उंबऱ्याशी बसायचे. "म्हागून या." लोक म्हणायचे, "आवो, आता तर दार हाय की!" "हाय. पर आधी एक मानूस जाऊ द्या." माणसांनी ऐकलं. एका शेळीनं ऐकलं नाही, ती दोनदा आत जाऊन फुटाणे खाऊन आली, तेव्हा मालकांनी तिला एवढ्या शिव्या दिल्या की शेळीची मालकीण भांडायला आली. आम्ही हसलो, पण मला आतून भीती वाटत होती. त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि जालन्याला दाखवायला चला म्हटलं की म्हणायचे, "मी गेलो आन् त्यो आला तर?"

ज्वारीची काढणी चालू होती. सकाळची वेळ, मी मालकांचा रक्तदाब घेत होते. उंबऱ्यावर सावली पडली म्हणून मी वर बघितलं. किसनबाबा काठी टेकत उभे होते. पांढरं धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, पायाला पट्टी. एकटे आले होते.

मालक उठले ते मी बांधलेला पट्टा दंडाला तसाच घेऊन. बाहेर माठाकडे गेले, तांब्या भरला आणि उंबऱ्याशी येऊन खाली बसले. ज्या माणसानं त्या जमिनीवर थेंब पडू दिला नव्हता तो तांब्या कलता करून किसनबाबांच्या पायाकडे हात नेत होता. पाय धुवायचे होते त्यांना. त्यांच्या मनात केवढं होतं ते मला दिसत होतं.

"ठेव त्यो खाली," किसनबाबा म्हणाले. "धुन्याचं काम एकडाव झालंय हितं."

मालकांचा हात थांबला.

"पाय मळकेच राहू दे," किसनबाबा म्हणाले. "ऊठ आता."

ठेव म्हणाले, ऊठ म्हणाले. ठेवा नाही, उठा नाही. माझ्या ते लक्षात आलं. मालकांच्या आलं की नाही, कळलं नाही. ते तांब्या बाजूला ठेवून चौकटीला धरून उठले. किसनबाबांनी चपला बाहेर काढल्या, काठी आत टेकली आणि उंबरा ओलांडला. धुळीची पावलं चुन्याच्या जमिनीवर उमटत गेली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. कोणी सांगितलं नाही तरी ते गल्ल्याच्या उजव्या बाजूच्या दगडावर जाऊन बसले.

मालकांनी पेला भरून दिला. ते पाणी प्यायले.

मग दोघं काय बोलले? मी कान देऊन होते, पण लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. औंदाच्या ज्वारीचं बोलले. नदीला आता पूर्वीचा डोह राहिला नाही, वाळूवाल्यांनी सगळा तळ उकरला, हे बोलले. कोण कोण गेलं त्याची उजळणी झाली. रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की रात्री, यावर दोघांचं जुंपलं आणि मला निकाल द्यावा लागला.

"रांजण बुजवला का?" मधेच किसनबाबांनी विचारलं.

"न्हाई. झाकून ठिवलाय. काढू का झाकन?"

"राहू दे आज."

आज म्हणाले, हेही मी ऐकलं.

बऱ्याच वेळानं किसनबाबा उठले. मालक पुढच्या दाराशी जाऊन बाजूला सरकून उभे राहिले, त्यांना वाट करून द्यायला. किसनबाबांनी तिकडे बघितलं, आणि काठी टेकत वळून मागच्या दाराकडे निघाले. मालकांचा चेहरा उतरला. मीच घाईनं म्हटलं, "बाबा, हिकडून, हिकडून!"

"तिकडून लांब होतंय," किसनबाबा म्हणाले. "वावरात चाललो. हिकडून जवळ पडतं."

बुटक्या दारात ते वाकले. जाता जाता काही बोलले आणि नदीच्या अंगानं दिसेनासे झाले.

मालक तसेच पुढच्या दाराशी उभे होते. मागचं दार त्यांच्या डाव्या हाताला होतं.

"बाई," ते म्हणाले, "जाताना काय म्हनला त्यो?"

"येतो लेका, म्हणाले."

"मालक न्हाई म्हनला?"

"नाही. लेका म्हणाले. येतो लेका."

ते माझ्याजवळ आले आणि उजवा कान माझ्या तोंडाशी आणला.

"परत सांगा," म्हणाले.

मी परत सांगितलं.